गोड बोललेली मुडली

रुक्माच्या शिव्या खाल्ल्याशिवाय वाडीत मुडली वाढत नाही, हे गुंद गावाच्या आसपास कुणालाही विचारा. मुडली म्हणजे अळूच्या कुळातलाच कंद, पण अळकुडीसारखा बोटभर नव्हे. नीट वाढला तर माणसाच्या पोटरीएवढा होतो, आणि वर पाऊस वेडावाकडा पडला तरी जमिनीखाली आपला गुमान वाढत राहतो. तो लावायची वाडीतली रीत अशी. वरंबा ओढायचा, खड्डा करायचा, त्यात बियाण्याचा कंद ठेवायचा, माती लोटायची, आणि शेवटची मूठ टाकताना त्याला एक सणसणीत शिवी घालायची. शिवी खाल्लेला कंद चिडतो, आणि चिडला की फुगतो. गोंजारलेला कंद लाडावतो आणि बोटाएवढाच राहतो. शेवटची मूठ पडली की कंदाचे कान बंद. मग वर उभं राहून कितीही बोंब मारा, त्याला ऐकू जात नाही.

शिव्या काय, सगळ्यांनाच येतात. पण रुक्माच्या शिवीची जातच वेगळी. तिच्या शिवीत घाण शब्द नसायचा, कुणाची आई-बहीण नसायची. "आईच्या घरी काय उपाशी मेलीस, सटवे? गेल्या साली बोटाएवढी होऊन आलीस, लाज न्हाई वाटली? ह्या साली पसरली न्हाईस तर शिजवताना मीठ बी घालणार न्हाई तुला." असलं काही ऐकल्यावर मुडलीच काय, शेजारचा दगडही दोन बोटं वाढला असता. लावणीच्या दिवसांत लोक तिला आपापल्या परसात बोलावून न्यायचे, चहा पाजायचे, वर चिवडा द्यायचे आणि मग बाजूला उभं राहून ऐकायचे. शेजारचा झिलू तर स्वतःची लावणी आटोपली तरी दुसऱ्यांच्या वरंब्यावर जाऊन बसायचा. वयानं म्हातारा, कामाला आळशी आणि ऐकायला पहिला.

या रीतीवर कुणी शंका घेतलीच तर लोक तिच्या नवऱ्याकडे बोट दाखवायचे. गणपती लग्नात काडीसारखा होता म्हणे. आता सत्तरीतही लाकडाचा ओंडका एकट्यानं उचलतो. "एवढ्या वरसात खाल्लं काय त्यानं?" झिलू विचारायचा. "भात आमी बी खाल्ला की." गणपतीला अलीकडे थोडं कमी ऐकू येतं, असं तो सांगतो. नक्की किती कमी, ते त्यानं कुणालाही सांगितलेलं नाही.

तर अशा या रुक्माच्या तोंडून जिला कधी वाकडा शब्द गेला नाही, असं सगळ्या जगात एकच माणूस होतं. तिची सून केशर.

केशर खानापूरकडची. रुक्माचा मुलगा परशू जोयड्याहून गुंदापर्यंत जीप चालवतो, त्याच्याशी लग्न होऊन दोन वर्षांपूर्वी ती या रानात आली. बारीक आवाजाची, खाली बघून बोलणारी. कुत्रं घरात शिरलं तर त्यालाही "जा बाबा, जा" म्हणणारी. रुक्मानं तिला पहिल्या दिवसापासून "बाय माझी" आणि "बाळ" याशिवाय हाक मारली नव्हती. त्याला कारण होतं. रुक्मा स्वतः नवी नवरी होती तेव्हा सासूनं तिला असं फैलावर घेतलं होतं की ती गोठ्यामागे जाऊन रडायची. तिथंच एकदा गाईच्या पाठीवर हात ठेवून तिनं ठरवलं होतं, माझी सून या गोठ्यामागे यायची नाही. ठरवलेलं तिनं पाळलं. वाडीला मात्र याचं नवल वाटे. झिलू म्हणे, "वैनी सुनंशी बोलती तवा मला वाटतं, घरात कोण तरी देवाचं आलंय."

आता हे सगळं सांगायचं कारण म्हणजे काळी मुडली.

काळ्या देठाची ही मुडली रुक्माच्या सासूनं तिच्या ओटीत घातलेली. चवीला सगळ्यांत गोड, शिजायला सगळ्यांत हलकी. पूर्वी वाडीतल्या चार-पाच घरांत होती. पण अलीकडे पावसाचं डोकं फिरलेलं. मिरगाला यायचा तो येत नाही, आणि हस्तात पडून निरोप घ्यायचा तो दिवाळीचे दिवे विझवायला थांबतो. मागच्या साली तसाच थांबला. जमिनीत पाणी तुंबलं आणि काळी मुडली घराघरांत कुजली. रुक्माच्या चुलीवर, धुरात टांगलेली एक दुरडी तेवढी वाचली. ती या साली लागली नाही तर वाडीतून काळी मुडली संपली. आणि लागली तरी पुढं काय, हाही घोर होताच. रुक्माचे गुडघे आता एका ओळीपलीकडे वरंब्यावर बसू देत नव्हते. बियाणं सुनेच्या हाती द्यायची रीत, पण सुनेच्या तोंडाला शिवी लागायची कशी? "जा बाबा" ऐकून कुठला कंद फुगणार?

अशात बेळगावहून सुनयना आली. बदलत्या पावसात रानातली गावं कसा तग धरतात, यावर तिला माहितीपट करायचा होता. बरोबर कॅमेरावाला महेश. मुलगी गुणाची होती. आल्या आल्या कॅमेरा काढला नाही, देवळाच्या मांडवात नुसतं बसून लोकांशी बोलायचं ठरवलं. म्हणाली, "तुम्ही आपसात बोला. मी ऐकते."

आपसात बोला म्हटल्यावर वाडी पहिल्या दिवशी अगदी गप्प बसली. दुसऱ्या दिवशी झिलूनं सुरुवात केली आणि मग तिसऱ्या दिवसापर्यंत दुसऱ्या कुणाला बोलताच आलं नाही. त्यानं आपल्या आज्याच्या काळातला पाऊस सांगितला, वाघ सांगितला, आज्याच्या म्हशी सांगितल्या. "मग आता पाऊस बदललाय, तर तुम्ही काय करता?" सुनयनानं विचारलं.

"बघत बसतो," झिलू म्हणाला.

"तू बसतोस," रुक्मा मागून कडाडली. "ते तर तू पाऊस बरा हुता तवा बी करत हुतास! रोपं कुजली तवा घराघरात काय शिजलं, ते सांग की. तुझ्या ताटात काय आकाशातनं पडलं?"

तिथून बोलणं सुरू झालं. फुलानं, म्हणजे देवळाशेजारच्या म्हातारीनं, सांगितलं की भाताचं रोप दोनदा सडलं त्या साली तिच्या घरी भाकरीऐवजी कंद होता, सकाळी उकडून आणि संध्याकाळी कालवणात. कुणी सांगितलं, वरंबे आता पूर्वीपेक्षा उंच ओढावे लागतात, म्हणजे पाणी खालून निघून जातं. कुणी म्हणालं, ओढा मार्चातच आटतो, म्हणून परसातल्या वरंब्यावर पाला दुप्पट जाड घालतो. बायकांनी आपापल्या कंदांची नावं घेतली आणि कुणाचा कंद गोड यावरून थोडं भांडणही झालं. सुनयना ऐकत होती. मधूनच तिनं विचारलं, "आणि काळी मुडली?" तशी सगळ्यांची तोंडं रुक्माकडे वळली.

लावणी बघायला येऊ का, असं सुनयनानं विचारलं तेव्हा रुक्मा म्हणाली, "त्यात काय बघायचंय? मातीत गड्डा घालायचा, झालं." आणि घरी जाऊन तिनं ट्रंक उघडली.

लावणीच्या सकाळी ती बाहेर आली ती परशूच्या लग्नातलं हिरवं लुगडं नेसून. अंबाड्यावर अबोलीचा वळेसर. चेहऱ्याला काहीतरी पांढरं लावलेलं, ते कानापाशी संपलेलं दिसत होतं. गणपतीनं तिच्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं, आणि कुदळ उचलली. महेशनं वरंब्याच्या टोकाला, पाल्यात एक लहानसा माईक खोचून ठेवला. "मातीचा आवाज पण पाहिजे," असं त्यानं सांगितल्यावर झिलू माईकजवळ वाकून "हालो" म्हणून आला.

सुनयना म्हणाली, "मावशी, तुम्ही नेहमी करता तसंच करा. आम्ही इथं नाहीच असं समजा."

आता कॅमेरा समोर, वाडी मागे, अंगावर लग्नातलं लुगडं. अशात ही माणसं नाहीतच असं कोण समजेल? रुक्मा वरंब्याशी बसली. पहिला कंद तिनं दोन्ही हातांनी खड्ड्यात ठेवला, देवाला फूल वाहावं तसा. माती लोटली. मूठ उचलली. वाडीनं कान टवकारले. आणि रुक्मा टीव्हीवरच्या बाईच्या आवाजात बोलली,

"ये गं माझ्या लेकी. मातीच्या कुशीत सुखाने नीज. मोठी हो आणि सर्वांना आनंद दे."

मूठ पडली.

झिलूच्या तोंडातलं पान तसंच राहिलं. दुसऱ्या कंदाला ती "माझ्या सोनुल्या" म्हणाली. तिसऱ्याला "निसर्गाचं वरदान" म्हणाली. हे शब्द तिला कुठून सुचत होते, तिलाच ठाऊक. बहुधा मांडवातल्या बैठकीत ऐकलेले. गोड बोलायला लागलं की जीभ सैल सुटते, तसं झालं. ओळीच्या शेवटपर्यंत एकही कंद शिवी खाऊन मातीत गेला नाही. सुनयनाला यातलं काय कळणार? ती "किती सुंदर, मावशी" म्हणाली, आणि रुक्मा लाजली. वाडीनं रुक्माला लाजताना पहिल्यांदाच पाहिलं.

सगळे चहाला घरी निघाले. महेश कॅमेरा तिथंच तिकाटण्यावर चालू ठेवून आला. ढग कसे सरकतात ते त्याला टिपायचं होतं. केशर दुरड्या गोळा करायला मागे राहिली.

चहाची पहिली कपबशी सुनयनाच्या हातात देईपर्यंत रुक्मा हवेत होती. दुसरी गणपतीला देताना तो हळूच म्हणाला, "आज बरं न्हाई काय तुला?"

"का?"

"शिवी न्हाई घातलीस एकीलाबी."

रुक्मानं किटली खाली ठेवली. पाव्हण्यांसमोर तिला उठून धावता येईना. सुनयना निरोप घेऊन गेली, महेश कॅमेरा घेऊन गेला, आणि मग रुक्मा लुगड्याचा बोंगा धरून वरंब्यावर धावली. पण खड्डे काठोकाठ बुजलेले होते. कान बंद झालेले. लावलेला कंद उकरायचा नसतो, उकरला तर कुजतो. ती ओळीच्या कडेला मटकन बसली. शेवटची दुरडी होती ती. सासूनं दिलेलं बियाणं तिनं दिखाव्यापायी गोड बोलून घालवलं होतं. केशर दुरड्या घेऊन उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "आत्ती, पाला घालू काय?"

"घाल गं बाय माझी," रुक्मा म्हणाली. तिनं चेहऱ्यावरचं पांढरं पदरानं पुसून काढलं.

मग पावसाळा आला. आला म्हणजे काय, मेच्या अखेरीस येऊन भांडी वाजवून गेला आणि सगळा मिरग कोरडा घालवला. रुक्मा रोज सकाळी ओळीशी जाऊन उभी राही आणि उगाच दोन शिव्या घालून येई. त्या कुठं पोचत नाहीत हे माहीत होतं, पण घरात बसवत नव्हतं. झिलू कुंपणावरून विचारी, "वैनी, उठलं काय वरदान?" त्यावर जे उत्तर मिळे त्यानं झिलूचा दिवस चांगला जाई. मिळालेली शिवी तो चहाबरोबर दोन घरं फिरवून सांगून येई.

ओळीची काळजी मात्र केशर घेत होती. कोरड्या मिरगात रानातून पाल्याचे भारे आणून ती वरंब्यावर जाड थर देई. पुढं श्रावणात पाऊस कोसळायला लागला, तर डोक्यावर इरलं घेऊन तिनं ओळीच्या दोन्ही बाजूंनी चर काढले. रुक्मा दारातून बघायची. "दमलीस गं बाळ. ये की आत, चा ठेवते." केशर आत यायची, हसायची, चहा प्यायची, कप विसळून ठेवायची. तिचं हसणं पाव्हण्यांसारखं होतं. दोन वर्षं झाली तरी ही पोर आपल्या घरात पाव्हणीसारखीच वावरते, हे रुक्माला दिसत होतं आणि खुपत होतं. आणखी किती गोड बोलायचं, तिला कळेना. म्हणून ती आणखीच गोड बोलायची.

पानं मात्र वर आली. काळ्या देठांची, छत्रीएवढी. "पानाचं काय," झिलू म्हणाला, "पानं माझी बी येत्यात. गड्डा दिसू दे."

माघातल्या उळवीच्या जत्रेला लोक पांगायच्या आधी सुनयना माहितीपट दाखवायला आली. अजून मुडली खणलेली नव्हती. देवळाच्या मांडवात गणपतीचंच पांढरं धोतर बांधलं आणि दिवेलागणीला सगळी वाडी खाली बसली. झिलू सर्वांत पुढं. तो पडद्यावर आला तेव्हा त्यानंच पहिली टाळी वाजवली.

माहितीपट चांगला होता, खोटं कशाला बोला. फुला दिसली, उंच वरंबे दिसले, आटलेला ओढा दिसला, बायकांचं कंदांवरून झालेलं भांडण दिसलं. आपलंच बोलणं आपण बाहेरून ऐकतोय, याचं लोकांना नवल वाटत होतं. फुला म्हणाली, "आमी एवढं शाणं कधी बोललो?" आणि मग हिरवं लुगडं आलं.

"ये गं माझ्या लेकी. मातीच्या कुशीत सुखाने नीज."

मांडव हसून हसून कोसळायचा बाकी राहिला. पोरं ओरडली, "वरदान, वरदान!" रुक्मानं पदर तोंडावर ओढून घेतला. हसणं लागलं नाही तिला. तिला लागलं ते त्या मातीत पडणाऱ्या मुठी बघणं. एकेक मूठ पडत होती आणि तिला हात पुढं करून ती धरावीशी वाटत होती.

मग पडद्यावर ढग आले. ओळीवर सावली आली आणि गेली. माणसं सगळी गेलेली. आणि कडेनं दुरड्या घेतलेली केशर आली.

तिनं दुरड्या खाली ठेवल्या. इकडंतिकडं पाहिलं. दिखाव्याच्या नादात रुक्मानं खड्डे पुरते भरलेच नव्हते, प्रत्येकावर मूठभर मातीचा खळगा राहिला होता. पहिल्या खड्ड्याशी उकिडवी बसली, बाजूची माती मुठीत घेतली. पाल्यातल्या माईकनं तिचा श्वासही ऐकवला. आणि मग तो बारीक, खानापूरकडचा आवाज आला.

"ए सटवे."

पुढं बसलेला झिलू गुडघ्यांवर उठला.

"ए सटवे, काळतोंडे. ऐकलीस ते गोड? भुलू नकोस त्याला. डुकरानं हुंगून सोडावं असलं तुझं थोबाड, तुला कोण सोनुली म्हणंल? पसर जरा." तिनं मूठ टाकली. पुढच्या खड्ड्याशी सरकली. रुक्माचे शब्द होते, रुक्माचीच ढब होती, फक्त आवाज मांजरीच्या पिलाचा. एकेका कंदाला ती शेवटची मूठ देत गेली. लोक पुन्हा हसायला लागले होते, पण आता कौतुकानं. शेवटच्या खड्ड्याशी ती थांबली. हातातली माती तिनं जरा चुरली.

"तुला म्हणून सांगते," पडद्यावरची केशर म्हणाली. "गोड परक्याला बोलत्यात. मला बोलत्यात तसं. गावाला शिव्या, कुत्र्याला शिव्या, मामंजींना शिव्या. मला एक न्हाई दोन वरसात. म्हणून तर मी अशीच बोटाएवढी ऱ्हायली ह्या घरात. तू तरी वाढ, मेले."

मूठ पडली. पडद्यावर पुन्हा ढग आले.

सुनयना मागे उभी होती. हा भाग ठेवू का, असं तिनं केशरला फोन करून विचारलं होतं. केशरनं आठवडाभर उत्तर दिलं नव्हतं, आणि मग दोनच शब्द म्हणाली होती, "राहू दे." आत्ता ती बायकांच्या मागे खांबाला टेकून बसली होती. मान खाली, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत.

रुक्मानं तोंडावरचा पदर बाजूला केला. गोठ्यामागचं ते रडणं तिनं सुनेला चुकवलं होतं, पण आपली सासू मरताना आपला हात धरून "माझ्या मागं रडत बसलीस तर याद राख, म्हशे" म्हणाली होती, आणि त्या एका शब्दासाठी आपण अजून रडतो, हे ती विसरूनच गेली होती. पोरीला तिनं दोन वर्षं दारात उभं करून ठेवलं होतं, गोड बोलून बोलून. तिला स्वतःची लाज वाटली, पोरीची माया आली, आणि दोन्ही मिळून तोंडातून बाहेर पडलं ते असं,

"अगं ए भवाने!"

केशरनं दचकून वर पाहिलं.

"दोन वरसं तोंडात काय मुडली कोंबून बसली हुतीस व्हय? मला सांगायला काय जीभ झिजत हुती तुझी? मुडलीला सांगतीस! घरात सासू बसलीय ढीगभर, ती दिसंना, आणि मातीतली मुडली दिसली! सांदीत बसून टिपं गाळायची, आणि वर चा पिऊन कप विसळून ठेवायचा, पाव्हणीवानी! उद्यापास्नं कप विसळलास तर बघ. घरची माणसं कप तसंच ठेवत्यात, ह्या म्हाताऱ्यागत! म्हशे!"

शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फुटला. केशरनं दोन्ही हातांनी पदर तोंडावर धरला. तिचे खांदे हलत होते.

"हसती काय रडती गा ती?" झिलूनं विचारलं.

"दोन्ही," गणपती म्हणाला. त्याला सगळं ऐकू आलं होतं.

दुसऱ्या सकाळी ओळ खणायला वाडी अशी जमली, जणू घरात बारसं आहे. सुनयना होती, पण कॅमेरा पेटीत होता. रुक्मा कडेला पाटावर बसली, रोजच्या विटक्या लुगड्यात. केशरनं पहार लावली. माती उलटली आणि काळ्या सालीची पहिली मुडली बाहेर आली, मातीनं माखलेली, पोटरीएवढी. मग दुसरी. मग तिसरी, तिच्याहून जाड. लोक नुसते "आबा आबा" करत राहिले. पाला जाड पडला म्हणून, चर वेळेवर निघाले म्हणून, की शिवी वेळेवर पोचली म्हणून, यावर मांडवात अजून वाद चालतो. सुनयनानं तिन्ही कारणं असतील असं म्हणून पाहिलं, ते कुणालाच पटलं नाही.

चौथ्या खड्ड्याला केशरची पहार जरा तिरकी गेली आणि मुडली मधोमध चिरली.

"डोळं काय माहेरी ठेवून आलीस?" रुक्मा कडाडली. "बियाणाची हुती ती! सासूचा पाय समजून कापलीस काय?"

सगळ्यांनी केशरकडे पाहिलं. केशरनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. खाली न बघता, चांगला मोठ्यानं आवाज काढून ती म्हणाली, "तुमी आदी पाट घेऊन तिकडं सरा की आत्ती. एवढी थोरली सावली पाडून बसलाय, मुडली दिसायची कशी?"

रुक्मा पाट घेऊन मुकाट्यानं सरली. बियाण्याच्या मुडल्या त्या दिवशी केशरनंच निवडल्या, केशरनंच दुरडीत भरल्या आणि चुलीवरच्या धुरात टांगल्या. रुक्मानं फक्त दोर धरला.

संध्याकाळी ती झिलूच्या कुंपणाशी गेली आणि कमरेवर हात ठेवून गाऱ्हाणं सांगू लागली. "काय सांगू गा झिलू, आमची सून लई तोंडाळ निघाली." सांगताना तिचा चेहरा असा फुलला होता की तिला दुसऱ्या घरी जाऊनही हेच गाऱ्हाणं सांगावंसं वाटत होतं, आणि ती गेलीही.

"मग येत्या सालाला आमच्या वरंब्यावर कोण येणार?" झिलूनं विचारलं होतं.

"तीच येईल," रुक्मा म्हणाली. "चा बरोबर चिवडा ठेव. न्हाई ठेवलास तर तुलाच पुरंल वरंब्यात, आणि शेवटची मूठ मी टाकीन."